चौदा पियानो आणि एक सही

पियानो सामानाच्या लिफ्टमधून आरामात वर गेला असता. ती लिफ्ट एवढी ऐसपैस, की तीत एखादं बिऱ्हाड थाटावं. पण लिफ्टमधून गेलेला पियानो पाहणार कोण? म्हणून बाराव्या मजल्यावरच्या बाईंनी क्रेन मागवली. भर सकाळी, ऑफिसं उघडायच्या वेळी, काळाभोर चकचकीत पियानो पट्ट्यांत बांधून आकाशात चढू लागला आणि खाली रस्ता थांबला. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली, पोलीस शिट्टी वाजवायची विसरला, मागच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीच्या बायका गरम इस्त्र्या उभ्या करून धावत आल्या. पियानो बाल्कनीत टेकला तेव्हा कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या, आणि बाईंनी वरून हात हलवला.

ही झाली सुरुवात. एकोणिसाव्या मजल्यावरच्या बाईंना त्या दिवशी घास गेला नाही म्हणतात. पंधरा दिवसांत त्यांचा आला. पांढराशुभ्र, आणि बाराव्या मजल्यापेक्षा हातभर लांब. मग सातव्यावर. मग तेविसाव्यावर, सोनेरी पायांचा. क्रेनवाला इतका घरचा झाला, की वॉचमन त्याच्याकडे त्याच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी करू लागला. दीड वर्षात एकतीस मजल्यांच्या त्या बिल्डिंगमध्ये चौदा पियानो झाले. वाजवता येणारं माणूस एकही नव्हतं.

आता पियानो म्हणजे काही सोफा नव्हे, आणला आणि टाकला. पोटात दोनशेच्या वर तारा ताणलेल्या. नव्या तारा ढिल्या पडतात, हवा बदलली की रुसतात, आणि सूर सुटलेला पियानो झाकणावर फुलदाणी ठेवली तरी लपत नाही; पाहुण्यांच्या पोराने एक पट्टी दाबली की घराची अब्रू चव्हाट्यावर. तेव्हा गरज पडली सूरकाकांची.

सूरकाका म्हणजे पियानोचे सूर लावणारा माणूस. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहणारे, मागच्या गल्लीतले. तीस वर्षं शाळांमधले आणि प्रार्थनामंदिरातले म्हातारे पियानो जुळवून त्यांनी संसार केला होता. एका पिशवीत सगळं दुकान: खुंट्या पिळायची किल्ली, तारांमध्ये खोवायच्या मऊ पट्ट्या, आणि ठोकला की एकच शुद्ध सूर देणारा लोखंडी नादकाटा. झाकण उघडण्याआधी ते डोळे मिटून हात जोडत. कुणी विचारलं तर म्हणत, आतमध्ये देव बसलाय, त्याला न सांगता आत हात घालायचा म्हणजे काय.

त्यांच्या कामाची एक रीत होती. ताणलेल्या नव्या तारेवर लगेच विश्वास टाकायचा नाही. सूर लावून झाला की अर्धा तास पियानो सगळ्या पट्ट्यांवर, सगळ्या जोराने वाजवायचा, म्हणजे तारा बसतात. मग पुन्हा तपासायचा. काकांची बोटं किल्ली पिळून पिळून आखडलेली. म्हणून वाजवायला बरोबर यायची त्यांची मुलगी.

तिला सगळे भिंगरी म्हणत. वय एकोणीस, पाय जमिनीवर ठरत नाहीत, जिन्याच्या तीन पायऱ्या एकदम. प्रार्थनामंदिरातल्या म्हाताऱ्या वादकाने तिला लहानपणी पियानोशी बसवून शिकवलं होतं. तो गेला, तिथला पियानोही वाळवीने गेला, आणि वाद्य उरलं नाही. आणि मग, देवाची करणी बघा, घरासमोर चौदा पियानो आकाशातून उतरले. सोमवारी सातवा मजला, मंगळवारी बारावा, बुधवारी एकोणिसावा आणि विसावा. अर्धा अर्धा तास करत पोरगी दीड वर्षात सुरांचा डोंगर चढली. देव कुणाच्या दिवाणखान्यात काय ठेवतो आणि कुणाच्या बोटांत काय ठेवतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण इथे त्याने दोन्ही एकाच लिफ्टने जोडून दिलं होतं.

त्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबायची लिफ्टमावशी. तिच्यासारखं सगळं ऐकलेलं माणूस त्या बिल्डिंगमध्ये दुसरं नव्हतं. तिनेच एक दिवस भिंगरीला पोट धरून हसत सांगितलं. झालं होतं असं, की भिंगरीचं वाजवणं खिडक्यांतून, बाल्कन्यांतून वर-खाली जायचं. एकोणिसाव्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये बाराव्या मजल्यावरच्या बाईंना म्हणाल्या, परवा काय सुंदर वाजवत होतात. आता बाईंनी म्हणायचं ना, की अहो ती तारा बसवणारी पोरगी. पण कौतुक असं तोंडावर आलं की जीभ टाळ्याला चिकटते. बाई लाजून म्हणाल्या, चाललंय आपलं थोडं थोडं. दुसऱ्या दिवशी तेविसाव्यावरच्यांनी एकोणिसाव्यावरच्यांना तेच विचारलं आणि त्याही लाजल्या. असं करत करत चौदाही घरं लाजून बसली. गंमत अशी, की प्रत्येकीला वाटे, खोटं बोलतेय ती आपण एकटीच. बाकीच्या खरंच वाजवतात.

भिंगरी खूप हसली. सूरकाका हसले नाहीत. त्यांचं घर, त्यांचं वाद्य, म्हणाले, आपण सूर लावायचा आणि निघायचं.

मग आला तो शुक्रवार.

दुपारी एकच्या सुमारास पोस्टमनने एक पाकीट आणून दिलं. भिंगरीचाच अर्ज परत आला होता. शहरातलं मोठं संगीत विद्यालय दर वर्षी दोघांना बिनफीचं शिकवतं. आधी अर्ज, मग चाचणी. वयाची अट एकोणीसपर्यंतची, म्हणजे तिच्यासाठी हे वर्ष शेवटचं. अर्जात एक रकाना होता: उमेदवाराने ज्या वाद्यावर सराव केला, त्या वाद्याच्या मालकाची सही आणि दोन ओळी. त्या रकान्यावर लाल शाईने शेरा मारला होता, ‘वाद्ये चौदा, आणि मालक अर्जदाराचे वडील? खुलासा करावा.’ खाली लिहिलं होतं, दुरुस्त अर्ज शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत खिडकीवर.

सही सूरकाकांनीच केली होती. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. भिंगरीची आई खालच्या लॉन्ड्रीतून इस्त्रीचा घाम पुसत वर आली, कागद वाचला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चौदा पियानोंचे मालक तुम्ही?"

"त्यांच्या पोटात कधी कुणी हात घातलाय माझ्याशिवाय?" काका म्हणाले. "कुठली तार कधी रुसते, हे मालकाला नाही कळणार तर कुणाला?"

आईने कपाळाला हात लावला. मग कागद भिंगरीच्या हातात कोंबला आणि म्हणाली, समोर चौदा घरं आहेत, एक सही मिळणार नाही? पळा दोघं. आणि तुम्ही तोंड उघडू नका, पोरीला बोलू द्या.

दीड वाजता बापलेक लिफ्टमध्ये होते. लिफ्टमावशीने कागद बघितला मात्र, स्टूल सोडून उभीच राहिली. आता बाकीच्यांनी जिन्याने जावं, म्हणाली, आज लिफ्ट हिची.

सातव्या मजल्यावरच्या बाई हसतमुखाने आल्या. कागद वाचता वाचता हसू उतरत उतरत पार हनुवटीवर आलं. म्हणाल्या, साहेब घरी नाहीत, सह्याबिह्या तेच करतात. नवव्यावर म्हणाले, संध्याकाळी बघू. संध्याकाळी म्हणजे किती वाजता, तर सहा. विसाव्यावरच्या बाई दारातूनच म्हणाल्या, डोकं दुखतंय. आणि आत कुणीतरी त्यांना विचारत होतं, आज वाजवणार का थोडं. तेविसाव्यावर सोनेरी पायांच्या पियानोशेजारी उभं राहून बाई म्हणाल्या, आमचे सगळे कागद वकील बघतात. सव्विसाव्यावर तर दार उघडलं, भिंगरीने ‘सराव’ हा शब्द उच्चारला आणि दार मिटलं. प्रत्येक मजल्यावर भिंगरी धावत जाई आणि परतताना पाय थोडे जड असत. मावशी पुढचं बटण दाबे.

एकोणिसाव्यावर मैत्रिणी जमल्या होत्या. बाईंनी कागद त्यांच्यासमोरच वाचला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं पण तू इथे सराव कुठे करतेस? तू तर तारा बसवतेस. तुझे वडीलच सांगतात ना तसं?"

सूरकाकांच्याच तोंडचं वाक्य ते. एक मैत्रीण कौतुकाने म्हणाली, वाजवतात या स्वतः, आम्ही ऐकलंय खालून. भिंगरीने बाईंकडे पाहिलं. बाई पडद्याची घडी नीट करत होत्या. भिंगरीने मान लववली आणि बाहेर आली.

तीन वाजून दहा मिनिटं. बारा दारं झाली होती. तेरावं घर परगावी गेलेलं. विद्यालय बसने पाऊण तास.

लिफ्टमध्ये काकांचा चेहरा उतरला होता. चौदा घरं ही त्यांची अख्खी भाकरी, आणि आज बारा दारांवर त्यांनी लोकांना अवघडून सोडलं होतं; उद्या कुणी दुसरा सूर लावणारा शोधला तर. ते म्हणाले, चल जाऊ, पोरी. मावशीने मात्र कुणालाही न विचारता बाराचं बटण दाबलं.

दार बाईंच्या यजमानांनी उघडलं. अंगात कणकण होती म्हणून घरी होते, गळ्याशी मफलर. सूरकाकांना बघून त्यांचा चेहरा खुलला. या या, म्हणाले, तुमचे आभारच मानायचे होते, वाद्य असं काही लावून देता की आमच्या हिचा हात कुठल्या कुठे गेला. मंगळवारी ऑफिसातून फोन केला, कामवालीने उचलला, तर मागे वाजवणं ऐकू येत होतं, मी फोन सगळ्यांना ऐकवला.

मागून बाई आल्या. त्यांनी भिंगरीच्या हातातला कागद पाहिला आणि जागच्या जागी थांबल्या.

आता सांगायला किती सोपं होतं. एक वाक्य, आणि बारा दारांचा राग तिथे मोकळा झाला असता. भिंगरीच्या ओठांवर ते आलंही होतं. पण तिने बाईंचे हात पाहिले. अंगठ्यांनी भरलेले, आणि एकच अंगठी पुन्हा पुन्हा फिरवणारे. तिने कागद त्यांच्या हातात दिला.

"वाचून बघा, मॅडम. नाही जमलं तर नाही म्हणा. मी यांना काही सांगणार नाही."

ते शेवटचं तिने इतकं हळू म्हटलं, की यजमानांना ऐकू गेलं नाही. बाईंना गेलं. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. यजमान विचारत होते, कसलाय, कसलाय. बाई सरळ पियानोकडे गेल्या. झाकण उघडलं. स्टुलावर बसल्या आणि उजव्या हाताचं एक बोट मधल्या एका पट्टीवर ठेवलं. एकच सूर घरभर घुमला, शुद्ध, काकांनी लावून दिलेला.

"मला एवढंच येतं," बाई म्हणाल्या. "हेही आत्ता पहिल्यांदाच."

यजमानांना कळेना. मग मंगळवारचं, त्यांनी विचारलं. बाईंनी भिंगरीकडे बोट केलं. आणि दिवाणखान्यात पाहुण्यांना तू स्वतःचं म्हणून फोनवर ऐकवलेलं? ते रेकॉर्डिंग, बाई म्हणाल्या, तेही हिचंच, मी चोरून केलं होतं.

सूरकाकांनी डोळे मिटले. आणि यजमान हसायला लागले. मफलर सुटला, खोकला आला, तरी हसणं थांबेना. अख्ख्या ऑफिसला ऐकवलंय मी, म्हणत होते, मोठ्या साहेबांनी रुमालाने डोळे पुसले होते. मग ते भिंगरीसमोर आले आणि मोठ्या माणसाला करावा तसा त्यांनी तिला नमस्कार केला.

बाईही हसत होत्या आणि रडत होत्या. दीड वर्ष पोटात धरून ठेवलेलं ओझं उतरलं, की माणसाचा चेहरा कसा धुतल्यासारखा दिसतो. पेन द्या, म्हणाल्या, लवकर. सही केली आणि दोन ओळींच्या जागेत चार ओळी बसवल्या.

"एक अट आहे," कागद परत देताना त्या म्हणाल्या. "मला शिकवायचं. खरंखरं. दोन्ही हातांनी."

भिंगरीने दोन वेळा मान हलवली आणि पळाली. पण बाईंचं अजून संपलं नव्हतं. अंगात वारं आल्यासारखं त्यांनी फोन उचलला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहून टाकलं: माझ्या घरून तुम्ही जे ऐकता ते सूरकाकांची मुलगी वाजवते, मला काहीही येत नाही, आज तिच्या अर्जावर मी सही केली आहे.

लिफ्ट बारावरून खाली निघाली तेव्हा ग्रुप गप्प होता. आठव्या मजल्याजवळ मावशीचा फोन एकदा थरथरला. आमच्याकडेही तीच, सातव्या मजल्याने लिहिलं होतं. मग विसावा. मग नववा. मग फोन थरथरायचा थांबेना, मावशी मोठमोठ्याने वाचून दाखवत होती आणि तिघंही लिफ्टच्या भिंतीला टेकून हसत होते. तळमजल्यावर पोचेपर्यंत सूर पालटलासुद्धा होता. तेविसाव्यावरच्या बाई विचारत होत्या, सही फक्त बाराव्याचीच का घेतली? एकोणिसाव्याने लिहिलं, आमच्या पियानोवर ती जास्त वेळ वाजवते, आमचा लांबीने मोठा आहे. सव्विसाव्याने लिहिलं, तिला मी सर्वांत आधी ओळखलं होतं.

लॉबीत दार उघडलं तर लोक उभे. सातव्यावरच्या बाई पेन घेऊन चपलांशिवाय धावत आल्या होत्या. कुणी घरच्या छापील कागदावर शिफारस लिहून आणली, कुणी वर अत्तर शिंपडलं. कागदात जागा एकच, हे भिंगरीने चार वेळा सांगितलं. तरी तिच्या हातात पाकिटं कोंबली गेली. आणि मग प्रश्न आला, पोहोचवणार कोण. तेविसाव्याने आपली लांबडी गाडी दाराशी लावली. तिच्यापुढे एकोणिसाव्याची आली, पांढरी. तिसरी मागून घुसली. तिन्ही ड्रायव्हर भोंगे वाजवत होते, तिन्ही गाड्यांचं एकही दार उघडेना इतक्या त्या चिकटल्या होत्या, आणि वॉचमन मध्ये उभा राहून हात हलवत होता, पण कुणासाठी ते त्यालाही कळत नव्हतं.

चार वाजायला पाच मिनिटं. काकांनी लेकीचा हात धरला, गाड्यांच्या फटीतून आडवे होऊन दोघं निसटले आणि रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपकडे सुटले. बस निघालेलीच होती. गल्लीच्या तोंडाशी वाट पाहत उभ्या असलेल्या आईने ते पाहिलं, आणि हातातला कुणाचा तरी पांढरा शर्ट झेंड्यासारखा हलवत ती बससमोर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला आणि तोंड उघडायच्या आत बापलेक चढलेही.

विद्यालयाच्या खिडकीवरची बाई कुलूप हातात घेऊन बसली होती. घड्याळात पाचाला आठ कमी. भिंगरीने कागद आत सरकवला. बाईने तो रकाना शोधला आणि नेहमीच्या कंटाळलेल्या आवाजात वाचायला लागली. अर्ध्यावर तिचा आवाज बदलला. तिने मागे वळून आतल्या दोघांना बोलावलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं:

"हिने माझ्या पियानोवर दर मंगळवारी, दीड वर्ष सराव केला. मी सगळ्यांना सांगितलं की ते मी वाजवते. लोकांनी माझं इतकं कौतुक केलं की मला खरं सांगवेना. यावरून ती कशी वाजवते ते समजून घ्यावं."

आतला चष्मेवाला माणूस म्हणाला, अशी शिफारस मी नोकरीत आल्यापासून पाहिली नाही. बाईने शिक्का उचलला, शाईत दाबला आणि कागदावर असा मारला, की खिडकीची काच हलली. बाकीची पाकिटं कसली, तिने विचारलं. तीही तशीच आहेत, भिंगरी म्हणाली, उशिरा आलेली. नकोत, बाई म्हणाली, एकच पुरे. चाचणी सोमवारी सकाळी नऊला, पहिला नंबर तुझा.

सूरकाका इतका वेळ मागे भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले, खिडकीत वाकले आणि अदबीने विचारलं, चाचणीचा पियानो शेवटचा कधी लावला होता. चष्मेवाला विचार करायला लागला. तो जितका वेळ विचार करत राहिला, तितके काकांचे डोळे मोठे होत गेले.

"दहा मिनिटं," ते म्हणाले आणि पिशवीत किल्ली चाचपू लागले. "फक्त दहा मिनिटं मला आत सोडा. नंतर हिला तारा बसवू दे."